आपला काजू, त्यांचा खंड

मागच्या वेळी आपण आफ्रिका पाहिली, आज दक्षिण अमेरिका. पण ॲमेझॉन, अँडीज, देश आणि राजधान्या अशी शाळेची यादी मी वाचणार नाहीये. मालवणातला माणूस आहे मी, तेव्हा काजूपासून सुरू करू.

आमच्याकडे कुणालाही विचारा, 'काजू म्हणजे आमचोच' असंच म्हणणार. खरं तर हे झाड ब्राझीलचं. नावसुद्धा तिथलंच: तुपी भाषेतलं 'अकाजू', पोर्तुगीजांच्या तोंडी 'काजू', आणि तेच आपण जसंच्या तसं उचललं. पोर्तुगीज 1500 साली ब्राझीलला पोचले आणि त्याच शतकात झाड इकडे आलं. 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या औषधी वनस्पतींच्या पुस्तकात काजू नाही. 1578 च्या क्रिस्तोव्हाओ द कोस्ताच्या पुस्तकात कोचीनच्या बागांमधला काजू आहे. जमीन धरून ठेवायला लावला असं सांगतात. असेलही, पण मला वाटतं बोंडूची चवही कारण असणार.

आता हवामान. ॲमेझॉनच्या खोऱ्यात जवळपास वर्षभर पाऊस, पण ईशान्य ब्राझीलच्या किनाऱ्यावर काही महिने भरपूर पाऊस आणि मग लांबलचक कोरडा काळ. ओळखीचं वाटतंय ना? मोहराच्या वेळी काजूला कोरडी हवा लागते, आणि पावसाळा संपला की कोकणात ती मिळते. फरक गोलार्धाचा. आपल्याकडे बी मार्च ते मे, तिकडे साधारण सप्टेंबरनंतर. तिथे नाताल शहराजवळ एकच काजूचं झाड सुमारे 8,500 चौरस मीटर पसरलंय, म्हणजे दोन एकरांहून जास्त! फांद्या जमिनीला टेकतात, मुळं धरतात आणि पुढे सरकतात.

आपल्याकडे वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं या पाहुण्याला पक्कं घरचं केलं. वेंगुर्ला-4 या जातीचा एक पालक वेतोरे गावातलं झाड आहे. वेंगुर्ला-7 तर आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडी असते.

पण पोर्तुगीजांनी हेच झाड आफ्रिकेतही नेलं. मोझांबिक, गिनी-बिसाऊ, जिथे त्यांचं राज्य तिथे काजू. गोवा 1961 मध्ये सुटला, मोझांबिक 1975 मध्ये. राज्य गेलं, झाडं राहिली. आज गिनी-बिसाऊची जवळजवळ सगळी निर्यात म्हणजे काजू बी, आणि सगळ्यात जास्त उत्पादन घेणारा देश आहे शेजारपाजारचाच, कोत दिव्वार, तो फ्रेंचांचा. यातली बरीच बी बोटीनं भारतातल्या कारखान्यांत येते, कारण आपलं उत्पादन त्यांना पुरत नाही.

याचा त्रास कुठे होतो, तर भाव ठरवताना. गेल्या मोसमात आमची बी घेऊन मी एका व्यापाऱ्याकडे गेलो. त्यानं मोबाईल दाखवला: 'आफ्रिकेचा माल स्वस्तात पडतो, तुम्हाला जास्त कसा देऊ?' आमची बी चवीला सरस, वेंगुर्ला काजूला जीआय मानांकन आहे, हे सगळं मी सांगितलं. तो हसला. पिशवी उचलून घरी आलो आणि आठवड्यानं त्याच भावाला घातली.

त्यात जानेवारीत ढग आले की ढेकण्या कीड मोहरावर बसते. तेव्हा गावातली मंडळी पश्चिम आफ्रिकेच्या पिकाची बातमी आणि आपल्याकडचं आभाळ, दोन्ही एकदमच बघत असतात.

पुढच्या एपिसोडला मिरची घेऊ. तीही तिकडचीच!