जमेची बाजू

लक्ष्मीपूजनाला नव्या वह्यांची पूजा होते आणि पाडव्यापासून व्यापाऱ्याचे नवे वर्ष सुरू होते. रोजकीर्दीला जमा आणि नावे अशा दोन बाजू असतात. एकच बाजू लिहिलेली कीर्द कोणताही मुनीम मान्य करणार नाही. पण माणसांनी स्वतःच्या दिवसाचा जो हिशेब ठेवला, त्याची प्रसिद्ध उदाहरणे मी पाहू लागलो तेव्हा बहुतेक ठिकाणी नावेचीच बाजू भरलेली दिसली. राग, आळस, चुका, राहून गेलेली कामे. पार पडलेले लहानसे काम जमेला धरायची रीत फार उशिरा रुळली, आणि तिला शास्त्राचा आधार मिळाला तो मनाच्या आजारांवरील उपचारांतून.

सुरुवात पहिल्या शतकातल्या रोमपासून करू. सेनेका या तत्त्वज्ञाने क्रोधावरील आपल्या ग्रंथात स्वतःचा रात्रीचा नेम सांगितला आहे. दिवा हलवला, पत्नीही नेम ठाऊक असल्याने गप्प राहिली, की तो दिवसभराचे बोलणे-वागणे तपासायला घेई. ही सवय त्याने सेक्स्टियस या आधीच्या विचारवंताकडून उचलली होती. सेनेका स्वतःला माफही करी, परंतु त्याची भाषा न्यायालयाची आहे. तिथे जो उभा राहतो तो आरोपी म्हणूनच.

अठराव्या शतकात फिलाडेल्फियाच्या बेंजामिन फ्रँकलिनने या नेमाला चक्क वहीचे रूप दिले. त्याच्या आत्मचरित्रात त्याचे तपशीलवार वर्णन आहे. त्याने तेरा सद्गुण निवडले, तांबड्या शाईने सात वारांचे सात रकाने आखले आणि ज्या गुणाविरुद्ध चूक होई त्याच्यापुढे काळा ठिपका द्यायला सुरुवात केली. एका आठवड्याला एका गुणावर भर, म्हणजे तेरा आठवड्यांत एक फेरी आणि वर्षाला चार. जुने ठिपके खरवडून पुन्हा तीच वही वापरताना कागदाला भोके पडली. मग त्याने हस्तिदंती पाने असलेली टिपणवही घेतली, म्हणजे शिसपेन्सिलीचे ठिपके ओल्या स्पंजाने पुसता येत.

याच फ्रँकलिनच्या दिनक्रमात संध्याकाळसाठी एक प्रश्न नेमलेला होता: आज आपल्या हातून काय चांगले झाले? मला नवल वाटते ते याचे, की या प्रश्नाच्या उत्तरासाठी त्याच्या तक्त्यात एकही रकाना नव्हता. चांगला दिवस म्हणजे कोरा रकाना.

तो रकाना पुढे त्याच शहरात आखला गेला. फ्रँकलिनने ज्या संस्थेचा पाया घातला, तिचे पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ झाले आणि तिथेच मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी नैराश्यावर काम केले. सहकाऱ्यांबरोबर लिहिलेले त्यांचे उपचाराचे पुस्तक १९७९ साली निघाले. त्यात रुग्णाने करायची एक साधी नोंद आहे. दिवसाच्या प्रत्येक तासाला काय केले ते लिहायचे आणि त्यापुढे दोन आकडे मांडायचे: ते काम आपल्याला कितपत साधले आणि त्यातून किती आनंद मिळाला, शून्य ते पाच. कामे मुद्दाम लहान तुकड्यांत पाडायची. कारण नैराश्यातला माणूस अंघोळ केली, पत्र लिहिले, तर 'हे तर कोणीही करतो' म्हणून ते सोडून देतो. बेक यांचे म्हणणे असे, की आजच्या अवस्थेत ते काम किती जड होते त्यावर आकडा ठरवा. अंथरुणातून उठणेच ज्याला अवघड, त्याने केस विंचरले तर ती जमा आहे.

यात नुसती गोड समजूत घालणे किती आणि उपचार किती, ही शंका रास्त आहे. १९९६ साली वॉशिंग्टन विद्यापीठाच्या नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी बेक यांच्या पद्धतीचे भाग सुटे करून तपासले. दिवसाची कामे आखणे, ती करणे आणि नोंदवणे एवढाच भाग घेतलेल्या रुग्णांना पूर्ण उपचार घेतलेल्यांइतकाच गुण आला.

यापुढचा टप्पा आपल्या शेजारचा आहे. गोव्यातील 'संगथ' या संस्थेने डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या पुढाकाराने हाच कृतीचा भाग सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणला. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती, आणि भेटी सहा ते आठ. 'लॅन्सेट'मध्ये २०१७ साली आलेल्या या चाचणीत तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण होते, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचीच काळजी मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

बहुसंख्य स्त्रिया, हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणानुसार बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, पुरुष ९७. हे काम असे, की संध्याकाळपर्यंत त्याची खूण उरत नाही. घासलेली भांडी पुन्हा खरकटी होतात, भरलेले पाणी संपते. राहिलेले काम मात्र घरातल्या सगळ्यांना दिसते. नावेची बाजू लिहायला दहा जण तयार असतात, जमेची कोणीच लिहीत नाही.

एवढ्या नोंदीने सगळी दुखणी जातील असे कोणी म्हणत नाही. दीर्घकाळ मन खचलेले असेल तर डॉक्टरांकडेच जावे. शिवाय जमा लिहायची म्हणून फुगवून लिहिणे हाही खोटाच हिशेब. मात्र सासूबाईंचे औषध वेळेवर दिले, आठवडाभर टाळलेला फोन केला, पाय दुखत असताना बाजार करून आणला, या खऱ्या रकमा आहेत. यंदा वहीपूजनाच्या वह्यांत घरातली एखादी साधी शंभरपानी ठेवायला हरकत नाही. तिची जमेची बाजू झोपण्यापूर्वी दोन-तीन ओळींत भरता येते.