बीड जिल्ह्यातील सार्वजनिक ग्रंथालये : परवानगीपासून अनुदानापर्यंत

बीड जिल्ह्यातील गावोगावची सार्वजनिक ग्रंथालये ही कोणा मध्यवर्ती ग्रंथालयाच्या शाखा नाहीत; जिल्ह्याच्या ठिकाणचे शासकीय ग्रंथालय वगळले, तर स्वतःचे सभासद आणि कार्यकारी मंडळ असलेल्या या स्वतंत्र नोंदणीकृत संस्था असून, शासन त्या चालवीत नाही, केवळ मान्यता आणि अनुदान देते. या रचनेची मुळे महाराष्ट्राच्या 1967 च्या ग्रंथालय कायद्याइतकीच निजामी राजवटीतही शोधावी लागतात.

17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही तेच होते आणि राजधानीतील सरकारी आसफिया ग्रंथालयाची ख्याती अरबी, फारसी व उर्दू ग्रंथांसाठी होती. त्यामुळे मराठी वाचनाची सोय लोकांना वर्गणी काढूनच करावी लागे. हैदराबाद शहरात तेलुगू भाषकांनी 1901 मध्ये श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम उभारले आणि 1922 मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले, ते याच गरजेतून. त्यातच ‘गश्ती निशाण 53’ या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या आदेशाने (गश्ती म्हणजे सरकारी परिपत्रक) सार्वजनिक सभेसाठी पूर्वपरवानगी सक्तीची केली. उघड राजकारणाला वाव उरला नाही, तेव्हा शाळा, वाचनालये, साहित्यसंस्था आणि उत्सव यांच्या आश्रयाने जागृती होऊ लागली. त्या काळी मोमिनाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ 1935 पासून काही वर्षे योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक होते आणि पुढे तेच हैदराबाद स्टेट काँग्रेसचे नेते झाले, हा योगायोग मानता येत नाही. अशा वातावरणात वाचनालयात वृत्तपत्र ठेवणे, हे निव्वळ वाचनसेवेपुरते मर्यादित राहणे कठीणच होते.

संस्थान भारतात विलीन झाल्यानंतरची एक गोष्ट सहसा नजरेआड होते. हैदराबाद राज्याने 1955 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, म्हणजे पुण्या-मुंबईच्या वाचकाआधी बीडचा वाचक ग्रंथालय कायद्याच्या कक्षेत आला. परंतु 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि ज्या राज्यात तो कायदा झाला, तेच राज्य उरले नाही. पुढे महाराष्ट्राने 1967 मध्ये स्वतःचा कायदा केला आणि 1968 मध्ये ग्रंथालय संचालनालय स्थापन झाले. मद्रासच्या 1948 च्या कायद्यात ग्रंथालय उपकर होता, म्हणजे ग्रंथालयांसाठी स्थानिक करावर बसणारी वेगळी आकारणी होती. महाराष्ट्राने ती स्वीकारली नाही. हा निर्णय दुष्काळी, अल्प उत्पन्नाच्या जिल्ह्यांना महाग पडला असे म्हणण्यास जागा आहे, कारण स्थानिक वर्गणीची जुनी परंपरा सधन शहरांना पुरली, तशी ती बीडमधील पाटोदा-आष्टीसारख्या तालुक्यांना पुरणे अवघड होते.

त्यामुळे 1970 च्या अनुदान नियमांनी ठरविलेले अ, ब, क, ड हे वर्गच ग्रंथालयाच्या कामाचे माप ठरले. ग्रंथसंख्या, नियतकालिके, कामाचे तास अशा निकषांवर वर्ग ठरतो आणि वर्गावर अनुदान. साहजिकच दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमवार नोंद, ही वाचकापेक्षा तपासणी अधिकाऱ्यासाठी अधिक जपली जाण्याचा धोका निर्माण झाला. अनुदानातूनच वेतन द्यावयाचे असल्याने ग्रंथपालाचे मानधन तुटपुंजे राहिले, ही या व्यवस्थेची सर्वांत दुखरी बाजू होय.

सेवांचा मूळ साचा मात्र टिकून आहे : वर्गणी न घेता वृत्तपत्रे वाचू देणारा मुक्तद्वार विभाग, सभासदांना पुस्तके घरी देणारा देवघेव विभाग आणि जमेल तेथे महिला व बाल विभाग. त्यांत पुढे ग्रंथोत्सवाची आणि 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाची भर पडली, तर स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांमुळे अभ्यासिकेचे, म्हणजे स्वतःची पुस्तके आणून बसण्याच्या खोलीचे, महत्त्व वाढले. मात्र या सेवा सर्वांपर्यंत पोचत नाहीत. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी जिल्ह्यातून कुटुंबेच्या कुटुंबे साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि कित्येकदा गुढीपाडव्याच्या सुमारासच परततात. गावात राहणारा सभासद गृहीत धरून आखलेल्या देवघेवीत त्यांच्या मुलांसाठी तरतूद नाही.