जप्त मराठी साहित्य (ब्रिटिश काळ)

जप्त मराठी साहित्य म्हणजे ब्रिटिश राजवटीत राजद्रोही ठरवून सरकारने जप्त केलेली मराठी पुस्तके, पुस्तिका, नाटके, नियतकालिके व पत्रके होत. त्यांच्या मूळ प्रती दुर्मीळ असून भारतीय स्वातंत्र्यलढ्याच्या अभ्यासात त्या महत्त्वाचे साधन मानल्या जातात.

कायदेशीर पार्श्वभूमी

१८६७ च्या मुद्रण व ग्रंथनोंदणी कायद्यानुसार प्रत्येक छापील पुस्तकावर मुद्रकाचे नाव व मुद्रणस्थळ देणे आणि सरकारकडे प्रती जमा करणे बंधनकारक होते. १८७० मध्ये भारतीय दंड संहितेत राजद्रोहाचे कलम १२४-अ समाविष्ट झाले. १९१० च्या मुद्रण कायद्याने प्रांतिक सरकारांना राजपत्रातील अधिसूचनेद्वारे प्रकाशने जप्त करण्याचा अधिकार दिला. तो कायदा १९२२ मध्ये रद्द झाला. मात्र जप्तीचा अधिकार फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९९-अ मध्ये कायम राहिला.

प्रमुख उदाहरणे

* कवितांची पुस्तिका प्रकाशित केल्याबद्दल गणेश दामोदर सावरकर यांना १९०९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली.
* विनायक दामोदर सावरकर यांच्या १८५७ च्या उठावावरील ग्रंथावर तो प्रसिद्ध होण्यापूर्वीच बंदी घातली गेली. १९०९ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद परदेशात छापला गेला आणि त्याच्या प्रती चोरून भारतात आणल्या गेल्या. बंदी १९४६ मध्ये उठली.
* कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या 'कीचकवध' (१९०७) या नाटकात पौराणिक कथेआडून लॉर्ड कर्झनवर टीका असल्याचे मानून सरकारने १९१० मध्ये त्यावर बंदी घातली.
* शिवराम महादेव परांजपे यांच्या 'काळ' साप्ताहिकातील निबंधांचे संग्रह जप्त झाले. ही बंदी १९३७ मध्ये उठवण्यात आली.

जतन

जप्तीचा उद्देश साहित्य नाहीसे करणे हा असला, तरी काही प्रती सरकारी यंत्रणेमुळेच टिकल्या. जप्त प्रकाशनांच्या प्रती लंडनमधील इंडिया ऑफिस व ब्रिटिश म्युझियम येथे पाठवल्या जात. हे दोन्ही संग्रह आता ब्रिटिश लायब्ररीत असून त्यांची एकत्रित सूची १९८५ मध्ये प्रसिद्ध झाली. दिल्लीतील राष्ट्रीय अभिलेखागारातही जप्त साहित्याचा संग्रह आहे. पोलीस व न्यायालयीन कागदपत्रांतील इंग्रजी भाषांतरांमुळे काही मजकुराची माहिती मिळते.

काही साहित्य खासगी व्यक्तींनी धोका पत्करून जपले. सावरकरांच्या ग्रंथाचे मूळ मराठी हस्तलिखित अभिनव भारत संघटनेचे सदस्य डॉ. कुटिन्हो यांनी अमेरिकेत सांभाळले. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परत आले. अनेक घरांत मात्र झडतीच्या भीतीने अशी पुस्तके जाळली किंवा पुरली गेली.

संग्राहकांपुढील अडचणी

बंदी उठल्यावर अनेक पुस्तके पुन्हा छापली गेली. त्यामुळे मूळ प्रत ओळखताना मुद्रकाचे नाव, मुद्रणस्थळ व आवृत्तीचे वर्ष तपासावे लागते. १९४२ च्या आंदोलनातील भूमिगत पत्रकांवर अटकेच्या भीतीने मुद्रकाचे नाव नसे. त्यामुळे त्यांचा काळ व उगम मजकूर आणि कागद यांवरून ठरवावा लागतो. शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' (१८००–१९५०) ग्रंथांच्या पडताळणीसाठी उपयुक्त आहे. मात्र एकपानी पत्रके अशा सूचींत क्वचितच सापडतात. आम्लयुक्त स्वस्त कागद ठिसूळ होत असल्याने या साहित्याचे अंकीकरण निकडीचे ठरते.

हेही पहा

* काळ (साप्ताहिक)
* अभिनव भारत
* भारत छोडो आंदोलन