खोल फूल, लांब जीभ

इंग्लंडहून नेलेलं लाल क्लोव्हर न्यूझीलंडच्या कुरणांत उत्तम वाढे, पण बी जेमतेम धरी. बियाणं पुन्हा विलायतेहूनच मागवावं लागे. कारण होतं फुलात. त्याची नळी खोल, मकरंद तळाशी. साध्या मधमाशीची जीभ तिथवर सहसा पोचत नाही. पोचते ती बंबलबी या केसाळ भुंग्याची. डार्विनने १८५९ मध्येच हे नातं सांगितलं होतं. अखेर १८८५ मध्ये झोपी गेलेल्या राणीमाश्या जहाजाच्या थंड कोठीतून कँटरबरीत पोचल्या आणि क्लोव्हरला बी धरू लागलं. पुढे इंग्लंडातच फुलांची कुरणं आटली. त्या पाहुण्यांपैकी आखूड केसांच्या जातीची मूळ वस्ती १९८८ नंतर मायदेशी दिसलीच नाही; न्यूझीलंडमध्ये मात्र तिचा वंश टिकून आहे. फुलावाचून भुंगा नाही, भुंग्यावाचून बी नाही.