'लाइफ ऑफ पाय'बद्दल बोलायचं, पण शेवट न फोडता: ते कसं?

समजा, सकाळची डहाणू-विरार लोकल आहे. बोईसरला भेटलेली मैत्रीण म्हणते, "काल 'लाइफ ऑफ पाय' बघायला घेतला, पण झोप आली म्हणून अर्धाच राहिला." तुम्ही पटकन बोलून जाता, "अगं, शेवटी तर तो..." गाडी उमरोळीला पोहोचायच्या आत तिचा सिनेमा संपलेला असतो.

अशा बोलण्याला सोशल मीडियावर 'स्पॉयलर' म्हणतात. काही सिनेमांचा शेवट आधी कळला तरी फारसं बिघडत नाही. 'लाइफ ऑफ पाय'चं तसं नाही. मग या गोष्टीबद्दल किती सांगायचं आणि कुठे थांबायचं? आणि सातपाटी, मुरबे, दांडी, तारापूर अशा समुद्रकाठच्या गावांतल्या माणसाला ती वेगळी का वाटेल? समजून घेऊया. शेवट या लेखातही नाही, त्यामुळे निर्धास्त वाचा.

गोष्ट काय आहे?

यान मार्टेल या कॅनडाच्या लेखकाची 'लाइफ ऑफ पाय' ही कादंबरी २००१ मध्ये आली. २००२ मध्ये तिला बुकर पुरस्कार मिळाला. २०१२ मध्ये आंग ली यांनी तिच्यावर सिनेमा केला. तरुण पायच्या भूमिकेत सूरज शर्मा, मोठ्या वयाच्या पायच्या भूमिकेत इरफान खान, तर आईवडिलांच्या भूमिकांत तब्बू आणि आदिल हुसेन आहेत.

पायचं पूर्ण नाव पिसिन मोलिटर पटेल. पॅरिसमधल्या एका पोहण्याच्या तलावावरून ते ठेवलेलं आहे. वडिलांचं पुद्दुचेरीत प्राणिसंग्रहालय आहे. आणीबाणीच्या काळात कुटुंब देश सोडून कॅनडाला जायचं ठरवतं आणि काही प्राण्यांसह एका जपानी मालवाहू जहाजावर चढतं. वाटेत पॅसिफिक महासागरात जहाज बुडतं. लाइफबोटीत उरतात पाय, पाय मोडलेला एक झेब्रा, एक तरस, एक ओरांगउटान आणि रिचर्ड पार्कर नावाचा बंगाली वाघ. पुढचे २२७ दिवस समुद्रात.

बिनधास्त काय सांगता येईल?

पाय वाचतो, हे सांगायला हरकत नाही. मोठा झालेला पाय स्वतःच एका लेखकाला ही हकिकत सांगतोय, हे पुस्तकात आणि सिनेमात सुरुवातीलाच दिसतं. "तो वाचतो का?" हा या गोष्टीतला मुख्य प्रश्नच नाही.

वाघाच्या नावाचा किस्साही सांगा. वाघाचा बछडा पकडणाऱ्या शिकाऱ्याचं नाव रिचर्ड पार्कर होतं. कागदपत्रं भरताना कारकुनाने घोळ घातला आणि शिकाऱ्याचं नाव वाघाला चिकटलं. या नावाला समुद्रावरच्या एका खऱ्या घटनेचाही संदर्भ आहे. ती मात्र सिनेमा बघून झाल्यावर शोधा. आधी वाचलीत तर शेवटाचा सुगावा लागू शकतो.

ही कल्पना सुचली कशी, हेही सांगता येईल. ब्राझीलचे लेखक मोआसिर स्क्लिआर यांची 'मॅक्स अँड द कॅट्स' ही छोटी कादंबरी १९८१ मध्ये आली होती. तीत जहाज बुडाल्यावर एक तरुण जग्वारबरोबर छोट्या होडीत अडकतो. मार्टेल यांनी पुस्तकाच्या सुरुवातीलाच स्क्लिआर यांचे आभार मानले आहेत. तरीही बुकर मिळाल्यावर या साम्यावरून बराच वाद झाला होता.

माणूस इतके दिवस समुद्रात खरंच जगू शकतो?

हा प्रश्न सगळे विचारतात आणि त्याचं उत्तर दिल्याने शेवट फुटत नाही.

समुद्रात माणसाला आधी तहान मारते, भूक नंतर. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. एवढं मीठ बाहेर टाकायला मूत्रपिंडाला प्यायलेल्या पाण्यापेक्षा जास्त पाणी लागतं. म्हणजे खारं पाणी प्यायल्याने तहान वाढतच जाते. म्हणून पायची सगळी धडपड गोड्या पाण्यासाठी आहे: लाइफबोटीत ठेवलेले पाण्याचे डबे, पावसाचं साठवलेलं पाणी आणि उन्हाच्या वाफेवर खाऱ्याचं गोडं करणारं साधन. पाण्याच्या खालोखाल सावली महत्त्वाची, कारण घाम जितका कमी तितकं पाणी शरीरात टिकतं.

सिनेमातला हा भाग खरा वाटावा म्हणून आंग ली यांनी स्टीव्हन कॅलहन यांची मदत घेतली. १९८२ मध्ये अटलांटिक महासागरात नाव बुडाल्यावर हे अमेरिकन खलाशी रबरी तराफ्यावर ७६ दिवस एकटे तगले होते. खाऱ्याचं गोडं करणारी साधनं आणि मासे मारायचा भाला यांवर त्यांनी दिवस काढले. तराफ्याखाली जमणारे मासे हेच त्यांचं अन्न आणि तीच त्यांची सोबत.

वाघाचं काय? पायचे वडील प्राणिसंग्रहालय चालवतात, त्यामुळे वाघ हा मित्र नाही, हे त्याला लहानपणीच पक्कं शिकवलेलं असतं. तो वाघाचे लाड करत नाही, हद्द आखतो. बोटीचा कुठला भाग कोणाचा, हे वाघाला पटवण्यासाठी पुस्तकातला पाय शिट्टी आणि बोट हलवल्यावर लागणारी बोट यांचा वापर करतो. वाघ भुकेला राहणार नाही, याचीही काळजी त्यालाच घ्यावी लागते.

पडद्यावरचा वाघ बहुतेक वेळा संगणकावर तयार केलेला आहे. खऱ्या वाघांचं निरीक्षण करून त्याच्या हालचाली बेतल्या. समुद्राची बरीचशी दृश्यं तैवानमध्ये मोठ्या कृत्रिम लाटांच्या टाकीत चित्रित झाली. वाघाचं मुख्य काम करणाऱ्या 'रिदम अँड ह्यूज' या अमेरिकन कंपनीचे स्टुडिओ मुंबई आणि हैदराबादमध्येही होते. २०१३ मध्ये सिनेमाने दिग्दर्शन, छायाचित्रण, व्हिज्युअल इफेक्ट्स आणि संगीत अशी चार ऑस्कर जिंकली. सोहळ्याच्या काही दिवस आधीच या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली होती.

कुठे थांबायचं?

कादंबरीचे तीन भाग आणि बरोबर १०० प्रकरणं आहेत. पहिला भाग पुद्दुचेरीचा, दुसरा समुद्राचा. या दोन भागांतलं वातावरण, तहान, वादळ, वाघाची भीती यांवर मनसोक्त बोला. पण या तीन गोष्टी टाळा:

- बोटीतल्या कोणत्या प्राण्याचं काय होतं आणि कोणत्या क्रमाने.
- प्रवासाच्या उत्तरार्धात पाय कुठे पोहोचतो.
- तिसऱ्या भागातलं काहीही, अगदी त्यातलं एखादं वाक्यसुद्धा.

"शेवटी जबरदस्त ट्विस्ट आहे, पण मी सांगणार नाही" हे वाक्यही टाळलेलं बरं. ते ऐकलेला माणूस पुढचे दोन तास गोष्ट बघण्याऐवजी फसवणूक शोधत बसतो. आणि कोणी "शेवट कसा वाटला?" असं विचारलंच, तर उलट विचारा, "तुला कसा वाटला?" ज्यांनी सिनेमा पाहिलाय, त्यांच्यातली खरी चर्चा इथून सुरू होते.

पालघरच्या किनाऱ्यावरून बघताना

मुंबईतल्या मल्टिप्लेक्समध्ये ही कल्पित गोष्ट असते. सातपाटीच्या तांडेलाला मात्र त्यातलं बरंच ओळखीचं वाटेल: आभाळ बघून वाऱ्याचा अंदाज घेणं, पिण्याचं पाणी पुरवून वापरणं, रात्री काळोखात फक्त लाटांचा आवाज. पाय भूक भागवायला समुद्री कासव पकडतो, तो प्रसंगही इथे वेगळा वाटेल. भारतात समुद्री कासवांना वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे आणि पालघर जिल्ह्यातल्याच डहाणूमध्ये किनाऱ्यावर जखमी सापडणाऱ्या कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे.

आणि मे २०२१ या किनाऱ्याला आठवतोय. तौक्ते चक्रीवादळात 'गॅल कन्स्ट्रक्टर' हा बार्ज नांगर तुटून वाहत आला आणि पालघरजवळ वडराईच्या किनाऱ्यालगत अडकला. त्यावरच्या १३७ जणांची सुटका झाली. त्याच वादळात बॉम्बे हाय परिसरात 'पी-३०५' हा बार्ज बुडाला. त्यावर २६१ जण होते. कित्येक जण लाइफ जॅकेटच्या भरवशावर खवळलेल्या समुद्रात तासन् तास तरंगत राहिले. नौदलाने १८६ जणांना वाचवलं. बाकीचे परतले नाहीत.

त्या दिवसांत फोनजवळ बसलेल्या घरच्यांना गोष्ट नको होती. वादळ कसं आलं, नांगर कसा तुटला, हे सगळं नंतर. त्यांना आधी शेवट हवा होता: माणूस सापडला की नाही? समुद्राच्या बातमीत शेवट आधी सांगायचा असतो आणि तो लपवणं क्रूरपणा ठरतो. अफवा पसरू द्यायची नाही, नावं खात्री करूनच सांगायची, पण कळलं की लगेच सांगायचं.

गोष्टीत हे उलटं होतं. पायचे २२७ दिवस सोसल्यानंतर शेवट आला, तरच तो भिडतो. तो आधीच हातात दिला तर माहिती मिळते, पण तिचं ओझं जाणवत नाही. म्हणून पुढच्या वेळी लोकलमध्ये कोणी म्हणालं, "दादा, शेवटी काय होतं ते सांगून टाका ना," तर एवढंच सांगा: मुलगा वाचतो. कसा वाचतो, ते त्याच्याच तोंडून ऐक. बघून झालं की भेटू, मग बोलू.