मुक्या जीवाची साक्ष

इंदूरच्या होळकर राज्याचे संस्थापक सुभेदार मल्हारराव (१६९३–१७६६) हे धनगर कुळातले. या घराण्याच्या लढाया, तह व सनदा यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. जेजुरीच्या खंडोबाच्या चरणी त्याने रुजू केलेली सेवाही सर्वश्रुत आहे. परंतु मुका जीव पारखण्याची जी विद्या धनगराने पिढ्यान् पिढ्या जोपासली, तिचे कागद कोणत्या दप्तरखान्यात धुंडाळावयाचे? ती विद्या डोळ्यांत आणि बोटांत वसत होती.

निरोगी शेळी कळपाबरोबर चालते, चाऱ्याला हौसेने तोंड लावते, स्वस्थ बसली की रवंथ करते. तिचे डोळे पाणीदार, केस तुळतुळीत, लेंड्या सुट्या व घट्ट असतात. जी मागे रेंगाळते, मान टाकून उभी राहते, रवंथ सोडते, ती दुखणाईत समजावी. खालची पापणी उलटून पाहता आतला रंग गुलाबी दिसला तर ठीक. फिकट दिसला तर पोटातील जंत रक्त शोषीत असल्याचा संशय घ्यावा. तिच्या शरीराचे उष्णतामान सुमारे १०२ ते १०३ अंश फॅरनहाइट असते. माणसाचे माप लावणारा धडधाकट शेळीलाही तापकरी ठरवील!

आम्हां वकिलांच्या भाषेत लक्षण हा पुरावा. निकाल त्यापुढे असतो. बुळकांडीचेच उदाहरण घ्या. हा गुरांचा काळ. १९२० नंतरच्या दशकात मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत एडवर्ड्स यांनी त्याचा विषाणू शेळ्यांच्या शरीरातून वारंवार नेऊन सौम्य केला, आणि त्यातून गुरांसाठी लस सिद्ध झाली. गोधनाच्या रक्षणास शेळी अशी उपयोगी पडली. २०११ साली बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले.

परंतु ताप, नाकाडोळ्यांतून स्राव, तोंडात व्रण आणि हगवण ही तशीच लक्षणे शेळ्यांत दाखविणारा दुसरा रोग, पीपीआर, १९४२ साली आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टमध्ये वर्णिला गेला. भारतात तो १९८७ साली तामिळनाडूत ओळखला गेला. खुणा सारख्या, अपराधी निराळा! असा भेद नुसत्या डोळ्यांनी खात्रीने होत नाही; त्याला प्रयोगशाळाच हवी. इंदूरशेजारी महू येथे १९५५ साली पशुवैद्यक महाविद्यालय निघाले, ते याच विद्येसाठी.

म्हणून धनगराची नजर निकामी ठरते काय? मुळीच नाही. शेळी आजारी आहे हे प्रथम राखणाऱ्यालाच कळते. कशाने, हे वैद्य सांगतो. पहिल्याने उशीर केला तर दुसऱ्याची विद्या वाया जाते, आणि गरिबाचे भांडवल एका आठवड्यात मातीस मिळते. रेंगाळणारी शेळी आधी वेगळी बांधावी, आणि त्याच दिवशी वैद्याला कळवावे.