जोडलेले हात

मेहकरजवळच्या आमच्या शाळेत मी मॉनिटर होतो. प्रार्थनेला कुणी हात जोडले नाहीत की त्याचं नाव फळ्यावर लिहायचो.

नाशिकचे शिक्षक संजय साळवे प्रार्थनेच्या वेळी हात जोडत नसत. त्यावरून त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडली. ते कोर्टात गेले. नोव्हेंबर २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, शिक्षकावर हात जोडण्याची सक्ती करता येणार नाही.

राज्यघटनेचं कलम २८(३) मुलांनाही तेच संरक्षण देतं. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक उपासनेला बसवायचं, तर अल्पवयीन मुलाच्या पालकांची संमती लागते.

साळवे सरांना कोर्ट सापडलं. फळ्यावर ज्याचं नाव मी लिहिलं, त्याच्या आईबापाला मात्र कुणी विचारलंच नव्हतं. खडू माझ्याच हातात होता.